त्या गुरुवारी तू का आला नाहीस

बालाजी, आधी माझ्या हातून झालेली चूक सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तू आठ दिवस हसला असतास, त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी नांदेडला आपल्या चौकात तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. मजकूर मी लिहिला होता, फोटो मी निवडला होता, आणि फ्लेक्सवाल्याला तो पाठवताना माझा चष्मा डोळ्यांवर नव्हता, डोक्यावर होता. सकाळी नऊला फ्लेक्स वर चढला. सव्वानऊला साजिदचा फोन आला.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "वो फोटो में मैं हूँ. अम्मी चौक में खडी होके रोरी. उनकू जरा समझाव."

खरंच साजिद होता. तुमच्या बँडचा जिवंत, धडधाकट ड्रमवाला. वर हार, खाली समई आणि मध्ये 'कै. बालाजी यांस भावपूर्ण श्रद्धांजली'. मी बनियनवर शर्ट अडकवत पळालो. साजिदच्या अम्मीनं भर चौकात मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. आमच्या वडलांनी, बापूंनीही मला उभ्या जन्मात तेवढं सुनावलं नव्हतं. मग साजिद स्कूटरवरून आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. जराशानं तिची नजर फोटोखालच्या नावावर गेली आणि ती पुन्हा रडायला लागली. या खेपेला तुझ्यासाठी.

तू म्हणशील, दाजी तीस वर्षं मला बघून राहिले आणि तरी वळखलं न्हाई. अरे, पण तुझा धड एक फोटो तरी होता का? पंधरा वर्षं बँडमध्ये वाजवलंस. फोटो शेकड्यांनी निघाले. कुठं गाणाऱ्या वैभवच्या खांद्यामागून तुझा अर्धा कान दिसतो, कुठं नुसतं कोपर. एका फोटोत तर कीबोर्डचा स्टँड आहे आणि त्याखाली तुझ्या चपला. कीबोर्डमागं बसलेल्या माणसाचा चेहरा साफ दिसतो असा एकच फोटो मला सापडला, आणि त्यात तुझी टोपी घालून, गंमत म्हणून, साजिद बसला होता. दोघांनाही दाढी. वर लाल उजेड. माझं काय चुकलं?

शेवटी आमच्या पोरीच्या लग्नातला फोटो काढला. त्यात तू पंगतीत भात वाढत होतास. फ्लेक्सवाल्यानं बादली कापली. म्हणून आता चौकात तू खाली मान घालून, कुणाच्या तरी ताटाकडं बघत उभा आहेस. मेल्यावरसुद्धा तू मला एक काम सरळ करू दिलं नाहीस.

माझी तुझ्याबद्दलची तक्रार जुनी आहे. माझं आणि मंगलचं लग्न झालं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. मांडवात माझे बूट लपवलेस आणि नंतर कुठं लपवले तेच विसरलास. नवरदेव म्हणून मी तुमच्या देवणीहून नांदेडला तुझ्या काकाच्या चपलांवर आलो. दोन वर्षांनी तुझ्या वडलांनी तुला शाळेसाठी आमच्याकडं आणून सोडलं. मंगल तुझी मोठी बहीण, ती हरखून गेली. मी पाटबंधारे खात्यातला नवा कारकून. मला वाटलं, बरं झालं, आता घरात माझं ऐकणारं एक तरी माणूस आलं. तू माझं शेवटचं कधी ऐकलंस ते आठवून बघितलं. सातवीत असावास.

तेव्हा आमच्या बापूंची भजनाची पेटी माळ्यावर पडून होती. पेटी कसली, छोटं कपाटच. बापूंचा गुडघा गेला आणि मंडळ सुटलं तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तू ती खाली काढायला लावलीस. भाता इतका कडक झालेला की तुझा डावा हात तिथवर पुरायचा, पण जोर पुरायचा नाही. मग ठरलं की भाता मी मारायचा आणि तू वाजवायचंस. ऑफिसातून आलो की चहा घ्यायचा आणि तुझ्यासमोर मांडी घालून बसायचं. मंगल म्हणायची, दिवसभर साहेबाची फाईल हलवतात, संध्याकाळी मेव्हण्याचा भाता. नोकरी बदलली न्हाई.

पण त्यामुळं झालं काय, की तुझा डावा हात मोकळा राहिला. पेटी वाजवणारा माणूस एका हातानं सूर धरतो, दुसऱ्या हातानं भाता मारतो. तू अकराव्या वर्षापासून दोन्ही हातांनी वाजवायला लागलास. बापू पलंगावरून बघायचे आणि म्हणायचे, हे पोरगं पेटीवर पोळ्या लाटून राहिलंय. आणि दुसरी गोष्ट झाली ती माझ्यामुळं. चार ओळी झाल्या की माझा खांदा भरून यायचा. भाता मंद व्हायचा, सूर बारीक व्हायचे. तू एकदाही 'दाजी, मारा की' म्हणाला नाहीस. चौथ्या ओळीच्या शेवटी तू स्वतःच थांबायला लागलास. मी हात झटकून घ्यायचो, मग तू पुढची ओळ उचलायचास.

पुढं तुझ्याकडं विजेवर चालणारा कीबोर्ड आला. त्याला ना भाता, ना खांदा. तरी चौथ्या ओळीच्या शेवटी तुझे हात तसेच थांबायचे. तुमच्या गाण्यांवर पुण्याच्या कुण्या जाणत्यानं इंटरनेटवर लिहिलं होतं की या वादकाच्या वाजवण्यातल्या विश्रांतीच्या जागा विलक्षण आहेत. वैभवनं मला ते फोनवर वाचून दाखवलं. मी मनात म्हणालो, बाबा, ती विश्रांती नाही, तो माझा उजवा खांदा आहे. संगीतात माझं योगदान काय ते एवढंच. दमणं.

असो. तुमच्या बँडचं नाव 'भारनियमन'. हे नाव ऐकून मी म्हणालो होतो, अरे, मोर्चा काढायलात का? तुम्ही चौघं. साजिद ड्रमवर. त्याच्या वडलांचं पत्र्याच्या कोठ्या आणि ट्रंका करायचं दुकान, त्यामुळं ठोकायचं त्याला शिकवावं लागलं नाही. वैभव गाणारा, लातूरचा, केस मानेपर्यंत. चौथा गिटारवाला दर दोन वर्षांनी बदलायचा, त्याचं नाव पाठ होईपर्यंत दुसरा यायचा. शुक्रवारी दुकान बंद असायचं, तेव्हा त्या पत्र्याच्या कोठ्यांमध्ये तुमची तालीम. मी एकदा डबा घेऊन आलो होतो. तिथं जो आवाज होता तो देवानं माझ्या शत्रूलाही ऐकवू नये. मी त्याला आदळआपट म्हणालो आणि पंधरा वर्षं तेच म्हणत राहिलो.

पण एक दिवस मी तुला कधी सांगितला नाही. आता सांगतो, म्हणजे तुला उपयोग काहीच नाही.

अर्धापूरच्या कॉलेजात स्नेहसंमेलन होतं. माझी त्या दिवशी तिथं कालव्याची पाहणी होती. साहेब केळीच्या बागेत जेवायला गेले आणि मी मंडपात मागं येऊन उभा राहिलो. तुमचं तिसरं गाणं चालू होतं आणि लाईट गेली. माईक गेला, गिटार गेली, तुझा कीबोर्ड गेला. साजिदचे ड्रम तेवढे चालू राहिले. वैभव पुढं येऊन उघड्या गळ्यानं गायला लागला. आणि तू हात उचललाच नाहीस. मान खाली घालून त्या मुक्या कीबोर्डवर तू वाजवतच राहिलास. पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली. एकानं शिटी मारली. मला तुझी लाज वाटली, खरं सांगतो. मी खांबाआड झालो. तिकडं जनरेटरवाला दोरी ओढून राहिला होता. चार मिनिटं, पाच मिनिटं. मग जनरेटर धडधडला, आणि तुझी धून मधूनच, ओळीच्या ऐन मध्यातून, साजिदच्या ठोक्यावर बरोबर पाय ठेवत बाहेर आली. भिंतीपलीकडून कुणी आपल्यासोबत चालत यावं आणि दार आलं की दिसावं, तशी. हसणारी पोरं उभी राहिली. मी खांबाआडून बाहेर आलो.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागं आलो. तू वायरी गुंडाळत होतास. मला बघून तुझे हात थांबले. तू नुसता बघत राहिलास. मी काय म्हणालो, आठवतंय? मी म्हणालो, "जेवलास का?"

तू म्हणालास, "हाव, दाजी. जेवलो." आणि वायर गुंडाळायला लागलास. जेवलेला नव्हतास तू. साजिदनं परवा सांगितलं.

तेव्हापासून मला तुझी काळजी जास्तच वाटायला लागली. वाईट वाजवणाऱ्याला सोडून देता येतं, पण तू चांगला होतास आणि तुझं काहीच होत नव्हतं. चाली तुझ्या, आणि गाण्याखाली नाव सगळ्या बँडचं. मी भांडायचो. म्हणायचो, तुझं नाव टाकायला सांग. तू म्हणायचास, नाव टाकलं की लोक विचारतात हा कुणाचा कोण, आणि गाणं राहून जातं. अरे, हे काय उत्तर झालं? आमच्या खात्यात बंधाऱ्याला नुसता चुना मारला तरी कोनशिलेवर सात नावं असतात.

मग वैभव पुण्याला गेला आणि महिन्यातून एकदा यायला लागला. तू लातूरला खोली घेऊन पोरांना कीबोर्ड शिकवायला लागलास. सगळं गाव सोडून लातूर! जिथं पोरगं जन्मलं की आईबाप डॉक्टरकीच्या शिकवणीची चौकशी करतात, तिथं तू संगीताचा क्लास काढलास. आठवीपर्यंत पोरं तुझ्याकडं यायची. नववीत गेली की आई क्लासच्या दारात येऊन म्हणायची, सर, आता तिचं अभ्यासाचं वय झालं. दर जूनमध्ये तुझी खोली रिकामी. तू हसून सांगायचास की माझ्याकडं सगळी पोरं पाहुणीच. मला हसू यायचं नाही. मंगलला मी म्हणायचो, चाळिशी आली, लग्न नाही, नोकरी नाही, आणि हा हसून राहिला. ती गप्प बसायची. भावाबद्दल बोललं की ती गप्पच बसायची.

एका बाबतीत मात्र मी तुझा ऋणी आहे, तेही कधी बोललो नाही. बापू अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू लातूरहून दर रविवारी यायचास. पेटीचा भाता आता मलाही झेपत नव्हता. तू कीबोर्ड त्यांच्या खाटेशी लावलास, कानावरचं ते हेडफोनचं यंत्र त्यांच्या टोपीवरून चढवलंस आणि भजनं वाजवायला बसलास. घरात आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, नुसता तुझ्या बोटांचा टकटक आवाज. बापू डोळे मिटून माझ्या मनगटावर ताल धरायचे. कोणतं भजन चाललंय ते मला त्यांच्या बोटांवरून कळायचं. चार महिने तू येत राहिलास. तुझी गाडी चुकेल म्हणून मी घड्याळाकडं बघायचो, आणि तुला वाटायचं मी कंटाळलोय. वाटलं असेल तर वाटू दे. मीही कधी उलगडून सांगितलं नाही.

आता त्या गुरुवारचं.

लातूरला एका संस्थेच्या शाळेत संगीत शिक्षकाची कायम जागा निघाली. संस्थेच्या सचिवाचा भाऊ माझा वर्गमित्र. मी चार महिने खेटे घातले. त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाला जाऊन आलो, त्याच्या कुत्र्याच्या पिलांचं कौतुक केलं. तुझी सर्टिफिकिटं जमवली, साक्षांकित केली, फाईलला लेबल लावून ती तुला पोचवली. तू फाईल हातात घेऊन म्हणालास, "बघतो, दाजी." मी म्हणालो, बघायचं काही नाही, गुरुवारी सकाळी अकराला यायचं. तू हाव म्हणालास. स्वतःच्या तोंडानं म्हणालास.

मी पहाटेच्या गाडीनं निघालो. लोहा, अहमदपूर, सगळा रस्ता मांडीवर तुझ्यासाठी घेतलेला नवा शर्ट. न जाणो, तू तो बँडचा टी-शर्ट घालून आलास तर. साडेनऊपासून शाळेच्या फाटकाशी उभा. दहा वाजले. तुझा फोन लागेना. साडेदहाला शिपाई येऊन म्हणाला, साहेब, तुमचेच उमेदवार यायचे राहिलेत. अकरा. सव्वाअकरा. वर्गमित्र स्वतः बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे रे, कलाकार माणसं." तो हात मला आजही जाणवतो. तुझ्या खोलीवर यायचीही मला लाज वाटली. सरळ स्टँडवर गेलो आणि नांदेडची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन लागला.

"का आला नाहीस?"

"न्हाई आलो, दाजी."

"ते मला दिसलं. कारण सांग."

तू म्हणालास, "सांगता येत न्हाई."

"सांगता येत नाही का सांगायचं नाही?"

मी खूप बोललो. घरात ठेवून घेतल्याचं बोललो, जे बोलायचं नव्हतं. आणि शेवटी म्हणालो, "मग आजपासून मला दाजी म्हणू नको."

स्वयंपाकघरात मंगलचा मिक्सर चालू होता. माझं बोलून झालं तेव्हा तो बंद झाला. तिनं ताट वाढलं.

माणूस रागात बोलतो. समोरच्यानं ते धरून बसायचं नसतं. पण तू माझं ऐकायचं ठरवलंस ते नेमकं तिथं. भाऊबीजेला आलास. मंगलनं तुला ओवाळलं, तू पाटावर बसून मान खाली घातलीस. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. तू बाहेर आलास आणि पंख्याकडं बघून म्हणालास, "पेपर झाला असंल तर." मग भिंतीला म्हणालास, "पानी आनू का." दिवसभर तू असा हवेशी बोलत होतास. दाजी हा शब्द येऊ नये म्हणून तुझी प्रत्येक ओळ आखडलेली. मला कळत होतं. मला हसूही येत होतं आणि पेपर फाडावासाही वाटत होता.

जाताना तू फाटकाशी वाकून बूट बांधत बसलास. किती वेळ! मी मनाशी ठरवून उभा होतो. तू कारण सांगावंस, कोणतंही. झोप लागली, पोट बिघडलं, तुमच्या त्या वर्गमित्राचं तोंड आवडत नाही. खोटं सांगितलं तरी चालेल. सांगितलं की मी म्हणणार होतो, चल, मरू दे ती नोकरी, आत चल, चहा घे. तू उभा राहिलास. म्हणालास, "येतो." मी म्हणालो, "हं."

तेवढंच. तीन महिन्यांनी तुझ्या घरमालकीण बाईंचा फोन आला, आणि आम्ही लातूरला पोचलो तेव्हा डॉक्टरांनाही सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक्केचाळीसचा होतास. हृदय म्हणाले.

आता माझं हसं बघ. लोक सांत्वनाला येतात, कडू घासाचे डबे आणतात, आणि मी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, त्या गुरुवारी हा का आला नाही, तुम्हाला काही बोलला का? साजिदला विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी कार्यक्रम नव्हता, तालीम नव्हती. वैभव पुण्याहून आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, आम्हीपण विचारलं होतं दाजी, त्यानं विषय बदलला. तुझ्याकडं शिकणाऱ्या एका पोरीच्या बापालाही मी रस्त्यात थांबवलं. त्यानं हात जोडले आणि गाडी सुरू केली.

घरमालकीण बाईंनी जे सांगितलं त्यानं तर माझं डोकंच फिरलं. म्हणाल्या, त्या दिवशी सर सकाळी लवकर उठले होते. शर्टाला इस्त्री केली, बुटाला पॉलिश केलं, फाईल घेऊन जिन्यात बसले. बराच वेळ बसले. मग वर गेले आणि दिवसभर खाली आले नाहीत.

म्हणजे तू तयार होतास. शाळा तुझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. मी फाटकाशी उभा, तू जिन्यात बसलेला, आणि मध्ये दहा मिनिटांचा रस्ता. काय झालं त्या जिन्यात? कुणी आलं? काही आठवलं? अरे, आठ महिने तू हे पोटात ठेवलंस आणि माझ्या पंख्याशी बोलत राहिलास. मला शिवी दिली असतीस तरी मी ती जपून ठेवली असती. तुला कारण सांगता येत नव्हतं म्हणजे ते काय इतकं मोठं होतं?

तुझा कीबोर्ड मी एसटीनंच आणला. खिडकीशी उभा केला, शेजारी मी. कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, मेव्हण्याचं सामान. त्यानं माझं तोंड बघितलं आणि पुढं गेला. आता तो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. साजिद आणि वैभव तो मागायला आले होते, तुमची दोन गाणी अर्धी राहिली आहेत म्हणून. मी म्हणालो, अगोदर मला कारण आणून द्या, मग कीबोर्ड न्या. दोघं एकमेकांकडं बघत चहा पिऊन गेले. वेड्यासारखं बोललो, कळतं मला. पण दुसरं मागू काय? तुझ्यापाशी पोचायचा माझ्याकडं तेवढा एकच रस्ता राहिलाय, आणि तो तू बंद करून गेलास.

मी चुकलो ते म्हणायला तयार आहे. घरात ठेवून घेतल्याचं काढायला नको होतं. दाजी म्हणू नको, हे तर मुळीच नको होतं. पण तूही चुकलास, बालाजी. एवढा एक शब्द माझ्यापासून राखून ठेवायला नको होतास.

हे सगळं लिहून काल दुपारी मी मंगलला वाचून दाखवलं. पेपरला काहीही लिहून पाठवायच्या आधी मी तिला वाचून दाखवतोच, ती शुद्धलेखन सोडून सगळ्या चुका काढते. ती सुपात तूर निवडत बसली होती. फ्लेक्सच्या जागी हसली. बापूंच्या जागी पदर डोळ्याला लावला. गुरुवार आला तसा तिचा हात थांबला. माझं वाचून झालं. मी म्हणालो, कसं झालंय? तिनं सूप बाजूला सरकवलं.

"त्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आल्ता. जिन्यातून. म्हणला, अक्का, जाऊ का? त्याला कुणीतरी नको म्हणणारं पाहिजे होतं, ते मला आवाजातच कळलं. मी म्हणले, जाऊ नको. फोन बंद ठेव. दाजीला काही सांगू नको, मी सांगते." सरकवलेलं सूप तिनं पुन्हा पुढ्यात ओढलं. "उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत ऱ्हाऊन गेलं. आता त्याच्यावर रागावू नका. माझ्यावर रागवा. मी हाय की इथं."